बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरी दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होत नाही. माळा काढण्याने होते. माळ्यावर दोन लोखंडी ट्रंका आहेत. वडील गेल्यावर कोल्हापूरच्या घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा दादाने शिसवी पलंग घेतला, ताईने आईची पैठणी घेतली, आणि "तू मराठीची प्राध्यापक, तुलाच हे शोभतील," असे म्हणून सर्वांनी मिळून वडिलांनी जन्मभर जमवलेले दिवाळी अंक माझ्या गळ्यात घातले. दर वर्षी मी त्या ट्रंका खाली काढते, अंकांना ऊन दाखवते, कसरीने आणखी किती खाल्ले ते पाहते, चार लेख उभ्या उभ्या वाचते आणि सगळे पुन्हा माळ्यावर ठेवून देते. आमच्या ह्यांच्या मते फराळापेक्षा मला ह्यातच अधिक गोडी आहे. आणि माझ्या चकल्या पाहता ते खोटे आहे असे मला म्हणवत नाही.

यंदा मदतीला ताईची मुलगी होती. ती इथल्या कला महाविद्यालयात शिकते आणि माझ्याकडेच राहते. आम्ही दोघींनी गच्चीवर जुने लुगडे अंथरले आणि त्यावर अंक ओळीने मांडले. काय ती मुखपृष्ठे! दीनानाथ दलालांच्या लपेटदार रेषा, रघुवीर मुळगावकरांची ती दुधात केशर कालवल्यासारखी अंगकांती! काही पाने सुटली होती, काहींचे कोपरे झडले होते. पण रंग कालच लावल्यासारखे. मी त्यात रमून गेले. भाची मात्र कमरेवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली,

"मावशी, ह्या सगळ्या बायका दिवे घेऊन चालल्यात तरी कुठे?"

"अगं, दिवाळीचा अंक आहे. दिवे लावायला चालल्या असतील."

"मग तुळशीकडे बघितलं असतं, कोनाड्याकडे बघितलं असतं. ह्या तर आपल्याकडे बघताहेत; नाही तर कुठंच बघत नाहीयेत. आणि दिवा कुठे धरलाय बघ. हनुवटीखाली! असा धरला तर पुढचं काही दिसेल का?"

मला हसू आले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. लहानपणी सुट्टीत आम्ही आजोळी जात असू. तिथे वीज जाणे हा नेम आणि असणे हा अपवाद. रात्री गोठ्याकडे जायचे झाले की आजी कंदील घेई, आणि मी हौसेने तो तिच्या हातातून घेऊन उंच धरला की ओरडे, "डोळ्यांपुढं धरू नगंस, आंधळी हुशील! पायाशी धर." दिवा तोंडापाशी धरला की आपले तोंड तेवढे उजळते आणि वाट काळोखात बुडते, ही गोष्ट दिव्याने चालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. मुखपृष्ठांवरच्या ह्या बायकांना ती कशी ठाऊक नव्हती? की त्यांना कुठे जायचेच नव्हते?

अशा दिवेवाल्या स्त्रियांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र. सावंतवाडीत जन्मलेल्या ह्या चित्रकाराने ते १९४५–४६ च्या सुमारास काढले. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि पुष्कळ प्रवासी ते राजा रविवर्म्याचे समजून पाहून येतात. हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड. जलरंगात असा उजेड पकडणे म्हणजे चेष्टा नव्हे. तिथे तेलरंगासारखे मागाहून पांढरे थापून सावरता येत नाही. चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची स्वतःचीच मुलगी, गीता. तिला दिवा घेऊन जवळजवळ तीन तास निश्चल उभे राहावे लागले होते. पुढे त्या गीताबाई उपळेकर म्हणून आमच्या कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या.

म्हणजे माझे सगळे बालपण ज्या गावात गेले, त्याच गावात त्या राहत होत्या. मी त्यांना कधी पाहिले नाही. कदाचित महाद्वार रोडवर भाजी घेताना शेजारी उभ्या राहूनही गेल्या असतील. त्यांचा चेहरा लाखोंनी पाहिला, आणि त्या तीन तासांत त्यांना समोर काय दिसले हे विचारायचे मात्र माझ्यासारखीला सुचलेही नाही. मला वाटते, त्यांना समोर कागदावर वाकलेला बाप दिसला असेल. हे मी मुद्दाम सांगते. कारण पाहणे म्हटले की ते वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. बापानेही पाहिले, आणि मुलीनेही बापाला पाहिले. अडचण एवढीच, की बापाने पाहिलेले कागदावर उतरले. मुलीने पाहिलेले तिच्याबरोबर गेले.

दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी एक खाकी पाकीट निघाले. ते तिथे आहे हे मी विसरले होते. किंवा विसरल्याचे सोंग इतकी वर्षे नीट वठवले होते. आत माझा फोटो होता.

२००३ साली, एम.ए. झाल्यावर, आमच्या घरी स्थळे बघण्यास सुरुवात झाली. पहिली पायरी फोटोची. वहिनीची मोरपंखी साडी, आईचा चपलाहार आणि आत्याने केलेला भडक टिळा घेऊन मला एका स्टुडिओत नेण्यात आले. मागे पडदा होता. त्यावर तळे, तळ्यात हंस, पलीकडे कमानी. बाजूला एक पोकळ लाकडी खांब. त्यावर हात ठेवायचा, पण भार टाकायचा नाही, कारण तो पडे. फोटोग्राफर मोठा सज्जन आणि कामात वाकबगार माणूस होता. त्याने मला चष्मा काढायला लावला. मग म्हणाला, "ताई, हनुवटी थोडी खाली. नजर वर. एवढी नाही! कॅमेऱ्यात बघू नका, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघा. हसू नका, पण हसल्यासारखं वाटू दे." चष्म्याशिवाय मला कॅमेरा कुठे आहे हेच दिसत नव्हते, त्यामुळे त्याच्या बाजूला बघणे मला फार सोपे गेले.

त्या फोटोच्या सहा प्रती काढल्या. एक अर्धा, एक उभा असे जोड. बरोबर टंकलिखित माहिती: उंची ५ फूट १ इंच, वर्ण गहूवर्णी, शिक्षण एम.ए., स्वयंपाक येतो. त्या सहांपैकी एकच प्रत परत आली. कोणाकडून, ते मला आजही सांगायचे नाही. फोटोच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, तीन गोष्टी लिहिल्या होत्या: "रंग सावळा. दात? चष्मा असावा."

आईने तो फोटो लपवला होता. मला तो सापडला आणि मी तो ठेवून घेतला. का ठेवला ते कोण जाणे. पुढे ज्यांच्याशी माझे लग्न झाले त्यांनी तो फोटो पाहिलाच नव्हता. आम्ही एका चर्चासत्रात भांडलो होतो, एवढी ओळख त्यांना पुरली. पण ते तीन शब्दसमूह मला पाठ आहेत. अक्षर बायकी होते, हेही मी विसरलेली नाही.

मी भाचीला वाटले असते तर तो फोटो दाखवला नसता. पण तिने तो हातातून ओढून घेतला, पाहिला आणि टाळी वाजवून ओरडली, "मावशी! अगं, ही तर थेट पुष्पमाला!" आणि धावत खाली जाऊन एक जाडजूड चित्रसंग्रह घेऊन आली.

पुष्पमाला एन. हे नाव मी तोवर ऐकले नव्हते, हे कबूल करते. आम्हां मराठीच्या लोकांचे चित्रकलेशी नाते मुखपृष्ठापुरते. ही बाई बंगळूरची, जन्म १९५६ चा, बडोद्याच्या विद्यापीठात शिल्पकला शिकलेली. पुढे तिने माती बाजूला ठेवली आणि स्वतःलाच घडवायला घेतले. म्हणजे असे, की ती वेगवेगळे वेष करून उभी राहते, आणि तिचे फोटो काढले जातात. मुंबईच्या इंडिया फोटो स्टुडिओचे जे. एच. ठक्कर हे जुन्या काळी नटनट्यांची छायाचित्रे काढत. त्यांच्यापुढे बसून तिने नवरसांची एक मालिकाच केली. पण भाचीने उघडून दाखवली ती दुसरी मालिका: 'दक्षिण भारतातील देशी स्त्रिया: रीतिरिवाज', अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची. २००० ते २००४ ह्या वर्षांत पुष्पमालाने ती क्लेअर आर्नी ह्या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर केली. नाव मुद्दाम तसे ठेवले आहे. साहेबाच्या काळी मानववंशशास्त्राच्या पुस्तकांची नावे अशीच असत.

पहिलेच पान उलटले आणि मी दचकले. आमच्या देवघरातली लक्ष्मी! रविवर्म्याची. तीच कमळात उभी, तेच चार हात, तोच हत्ती. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळांवरून उतरलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतींवर जाऊन बसल्या. आपल्याला देवी कशा दिसतात असे कोणी विचारले तर आपण डोळे मिटून जे पाहतो, ते बव्हंशी त्या छापखान्यातून आलेले आहे. पण ह्या फोटोत कमळ कागदाचे होते, हे कळत होते. मागचे पाणी पडद्यावर रंगवलेले होते, हेही कळत होते. आणि मुकुटाखालचा चेहरा एका खऱ्या, मध्यमवयीन, बरीच जागरणे झालेल्या बाईचा होता. ती देवी होऊन उभी होती आणि उभे राहून तिचे पाय दुखत असावेत असे मला वाटले. देवघरातल्या लक्ष्मीचे पाय दुखत असतील असे पूर्वी कधी माझ्या मनात आले नव्हते.

पुढच्या पानावर तीच बाई रविवर्म्याच्या चांदण्यातल्या स्त्रीचा वेष करून बसली होती. त्यापुढे तीच, विजापूरच्या जुन्या लघुचित्रातली योगिनी. त्यापुढे तमिळ सिनेमातली नटी. त्यापुढे एका वर्तमानपत्रातल्या फोटोवरून केलेले चित्र: साखळी चोरल्याच्या आरोपावरून पकडलेल्या दोन बायका. आणि त्यापुढे, ज्या चित्राशी मी थांबले ते: तोडा जमातीची स्त्री म्हणून ती एका पडद्यापुढे उभी आहे, आणि पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन आहेत.

भाचीने त्या चौकोनांचा अर्थ सांगितला. १८६९ साली लँप्रे नावाच्या इंग्रजाने अशी युक्ती काढली, की माणसाला उघडे करून दोन दोन इंचांच्या चौकोनांच्या जाळीपुढे उभे करावे आणि फोटो काढावा. मग चौकोन मोजले की उंची, खांद्यांची रुंदी, सगळे कागदावरच कळते. निरनिराळ्या 'जातीं'ची तुलना करता येते. माणसाला पुन्हा बोलवावे लागत नाही. ह्या युक्तीचे अनुकरण अंदमानपर्यंत झाले. जाळीपुढे उभ्या केलेल्या बायकांची नावे फारशी कोणी टिपली नाहीत, मापे टिपली.

"आणि गंमत काय आहे माहितेय?" भाची म्हणाली. "पुष्पमाला एवढ्यावर थांबली नाही. पुढं एका भागात तिनं तिची ही सगळी पात्रं, लक्ष्मीसुद्धा, त्याच चौकोनांपुढं उभी केली."

मी तो फोटो पाहत राहिले, आणि मनात नको ते शब्द उमटले. उंची ५ फूट १ इंच. वर्ण गहूवर्णी. माझ्या मागच्या पडद्यावर चौकोनांऐवजी हंस होता, एवढाच काय तो फरक!

हंसाची गोष्ट निघालीच आहे तर वर्गातली एक आठवण सांगते. रघुनाथपंडितांचे 'नलदमयंतीस्वयंवराख्यान' मी अनेकदा शिकवले आहे. नायिकेच्या वर्णनाची ती जुनी रीत, उपमांची ती लयलूट, मुली खाली माना घालून लिहून घेतात आणि मुले एकमेकांना कोपरखळ्या मारतात. रविवर्म्याने १८९९ मध्ये काढलेली दमयंती आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे: ती उभी आहे, हंस बोलतो आहे, आणि ती ऐकते आहे. पण ह्या कथेतला खरा क्षण तो नव्हे. महाभारतातल्या वनपर्वात स्वयंवरमंडपात पाच नळ बसले आहेत. एक खरा, बाकीचे इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. पाचही हुबेहूब सारखे. आता सगळे काही दमयंतीच्या पाहण्यावर आहे. आणि ती पाहते. चौघांना घाम नाही. चौघांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. चौघांच्या पापण्या लवत नाहीत. पाचव्याच्या गळ्यातली माळ कोमेजलेली आहे, अंगावर धूळ आहे, त्याची सावली पडते आहे, त्याची पापणी लवते आहे. ती त्याला वरते. साऱ्या कथेत इतके बारकाईने दुसऱ्या कोणी कोणाला पाहिलेले नाही. आणि तिने हे उणे शोधण्यासाठी पाहिले नाही, माणूस ओळखण्यासाठी पाहिले. धूळ आणि घाम पाहून तिने नकार दिला नाही. त्यांच्यावरूनच तर तिने आपला माणूस ओळखला.

इतकी वर्षे हे आख्यान शिकवूनही ते मला आजवर असे दिसले नव्हते. ते गच्चीवर, पुष्पमालाची लक्ष्मी पाहताना दिसले. छापखान्यातल्या लक्ष्मीची पापणी लवत नाही. ह्या लक्ष्मीची आता लवेल असे वाटते.

तुम्ही म्हणाल, वेष करून फोटो काढण्यात कसली आली कला? मीही म्हटले. भाचीने त्यावर मला तासभर सुनावले, ते थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या सिंडी शर्मनने १९७७ ते १९८० मध्ये जुन्या सिनेमातल्या बायकांसारखे वेष करून स्वतःचेच सत्तरएक फोटो काढले; ते सिनेमे कुठल्याही यादीत नाहीत, तरी बाई मात्र दर वेळी ओळखीची वाटते. त्याच शहरात गोरिलांचे मुखवटे घालणाऱ्या काही स्त्री-कलावंतांनी १९८९ साली एक भित्तिपत्रक लावले: मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रे मात्र ८५ टक्के स्त्रियांची! आणि १९७२ साली जॉन बर्जर ह्या इंग्रज लेखकाने बीबीसीवरच्या चार भागांच्या मालिकेत असे मांडले, की पुरुष बाईकडे पाहतो एवढ्यावर हे थांबत नाही. आपल्याला कसे पाहिले जात आहे हे बाई स्वतःच सतत पाहत असते. म्हणजे पाहणारा तिच्या आतच राहायला आलेला असतो.

हे शेवटचे वाक्य तिने सहज सांगितले आणि ती अंक गोळा करू लागली. मी मात्र तिथेच बसून राहिले. कारण मला मागच्या वर्षीचा मार्गशीर्ष आठवला होता.

मागच्या मार्गशीर्षात दादाच्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. आता फोटो पाकिटातून जात नाहीत, फोनवरून जातात, एवढाच बदल. दादा, वहिनी, भाचा आणि "आत्या शिकलेली आहे, तिला माणसं कळतात," म्हणून मी. मी जाताना गाडीत छोटेसे व्याख्यानही दिले: मुलीला अवघडल्यासारखे वाटू देऊ नका, गाणे-बिणे म्हणायला सांगू नका, तिला प्रश्न विचारू द्या. सर्वांनी मान डोलावली. आम्ही पुरोगामी माणसे.

मुलगी पोहे घेऊन आली. बँकेत नोकरीला होती. चालण्यात धीटपणा होता. ती ताटली पुढे करायला वाकली, आणि माझे डोळे आपोआप, मी काही न सांगता, कामाला लागले. टाच किती उंच आहे, म्हणजे खरी उंची किती. हातांचा रंग आणि चेहऱ्याचा रंग सारखा आहे का. हसताना वरची हिरडी दिसते का. नाकावर दोन बारीक खळगे होते. मला ते चांगलेच ओळखू आले. माझ्याही नाकावर आहेत. आणि मी, अगदी गोड आवाजात, विचारले, "चष्मा कधीपासून आहे गं?"

तिने वर पाहिले. कॅमेऱ्याच्या बाजूला नव्हे. सरळ माझ्या डोळ्यांत. रागाने नव्हे, लाजून तर नव्हेच. जरा थांबून म्हणाली, "सातवीपासून. तुमचा?"

सगळे हसले. मीही हसले. तिने पर्समधून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि मग आम्हां सर्वांना एकेक करून नीट पाहून घेतले.

परतताना गाडीत वहिनीने विचारले, "कशी वाटली?" आणि मी म्हणाले, "मुलगी हुशार आहे. रंग जरा..."

वाक्य मी पुरे केले नाही; ते पुरे करायची गरजही नव्हती. तिथे पेन्सिल नव्हती आणि फोटोची पाठही नव्हती, पण मी लिहिले होते. अक्षर बायकी होते.

चार दिवसांनी मुलीकडूनच नकार आला. कारण विचारण्याची आपल्यात रीत नाही, पण मला ते माहीत आहे असे वाटते. दादाला अपमान वाटला. मला, खरे सांगायचे तर, हायसे वाटले. आणि त्या हायसे वाटण्याचीही लाज वाटली. त्या मुलीला एक पत्र लिहावे असे पुष्कळदा मनात आले. लिहिले नाही. तिला माझी क्षमायाचना नको असेल. आणि मला ती करून सुटायचे आहे, हे तिला ओळखू आले असते. चष्मा लावून पाहणारी मुलगी ती!

इतकी वर्षे मी त्या पेन्सिलवालीचा राग करत आले. कशी असेल, किती दुष्ट असेल, असे मनात रंगवत आले. आता वाटते, ती दुष्ट नसावी. तिच्याही तरुणपणी कुठल्या तरी पाकिटातून तिचा फोटो गेला असेल. त्याच्याही पाठीवर काही लिहिले गेले असेल. जाळीपुढे उभे राहून राहून आपण चौकोन मोजायला शिकतो, आणि पुढे आपल्या हातात पट्टी आली की तिला अनुभव म्हणतो. पुष्पमालाचे चातुर्य मला इथे दिसते. ती पाहणाऱ्यांवर दगड मारत दूर उभी राहत नाही. स्वतःच मुकुट घालते, स्वतःच चौकोनांपुढे उभी राहते, पडदाही स्वतःच रंगवून घेते. त्या मालिकेच्या एका भागात तर ही सारी जुळवाजुळव, मागची धावपळ, हेच दाखवले आहे. लक्ष्मी कशी 'बनवतात' ते एकदा दिसले, की पुन्हा तिच्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही, आणि स्वतःकडेही.

दलाल-मुळगावकरांच्या चित्रांवर माझा राग आहे का? मुळीच नाही. ते अंक मी नीट पुसून, डांबराच्या गोळ्या घालून पुन्हा ट्रंकेत ठेवले. सौंदर्य पाहून डोळे निवतात, आणि निवावेतच. आमच्या कोल्हापूरच्या धुरंधरांनी भारतातल्या नाना प्रांतांच्या स्त्रियांची जी चित्रे काढली, ती १९२० साली ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' ह्या पुस्तकात आली. पुस्तकाची दृष्टी साहेबाची, पण धुरंधरांच्या हाताला त्या बायकांच्या चालण्याची, ओझे तोलण्याची, पदर खोचण्याची खरी जाण होती. चांगल्या चित्रकाराच्या हातून त्याच्या नजरेपेक्षा अधिक काही निसटून कागदावर येते. फक्त आता मला त्या चित्रांना एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: बाई, तुला काय दिसते आहे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे भाचीने तिच्या अभ्यासासाठी माझा फोटो काढायचे ठरवले. पुष्पमालासारखाच, मी जुन्या मुखपृष्ठावरची दिवेवाली व्हायचे. आईचे नऊवारी काढले, नथ सापडली, पितळी दिवा घासला. दार उघडे, बाहेर काळोख, अंगणात अजून रांगोळीही नव्हती. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सवयीने विचारले, "कुठे बघू?"

"तुला बघायचंय तिथे बघ," ती म्हणाली.

असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. चष्मा नाकावर होता. काढ म्हणून कोणी म्हणाले नाही, आणि मी काढला नाही. दिवा हनुवटीशी नेला. समोर सगळे काळे. भाचीसुद्धा दिसेना. मग आजीचा आवाज कानात आला आणि हात आपोआप खाली गेला. ज्योतीआड तळहात धरला, आपल्या डोळ्यांच्या बाजूने. तसा पुढे उजेड पडला: पायरी दिसली, पायरीवरची रात्रीची ओल दिसली, पलीकडे तुळस, आणि गुडघ्यावर बसलेली, एक डोळा मिटलेली, थंडीने नाक लाल झालेली माझी भाची.

ती फोनमध्ये पाहून कुरकुरली. "मावशी, वाया गेला. चेहरा सगळा अंधारात! नुसती पायरी दिसतेय."

"असू दे," मी म्हटले, आणि दोन पायऱ्या उतरून तुळशीपाशी दिवा ठेवला.